नवतप्यातली कुंची

माझी सून अंजनी हिच्यावर कोणीतरी चार ओळी लिहायला पाहिजे होत्या. दुसरं कोणी लिहीत नाही म्हणून मीच बसलो. मी सौंसरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. आमची शाळा म्हणजे एक खोली, एक कडुनिंब आणि एक गुरुजी. तेवढ्या शिदोरीवर जबलपूरच्या फॅक्टरीत लागलो, नोकरी केली, पेन्शनीत निघालो, आणि आता पणजोबाही झालो. गोष्ट सांगता सांगता मी आडवाटेला लागतो ही माझी खोड घरात सगळ्यांना माहीत आहे. अंजनी म्हणते, "बाबा, तुम्हाला पाणी पाहिजे असलं तरी तुम्ही आधी विहिरीची गोष्ट सांगता." तर समजून घ्या.

अंजनी शिवणकाम करते. दीक्षितपुऱ्याच्या आमच्या गल्लीत शिरलं आणि कोणालाही "मशीनवाली दीदी" म्हटलं की तो बोटानं आमचं दार दाखवतो. लग्नसराईत बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून साड्या घेतलेल्या बाया तिथून थेट आमच्याकडे येतात, पिशवीसकट. माणूस दारात उभा राहिला की हिच्या डोळ्यांनी त्याचं माप घेतलेलं असतं. एकदा मी दवाखान्यातून आलो तर डॉक्टरच्या आधी हिनं सांगितलं, "बाबा, तुम्ही खांद्यात उतरून राहिले. जेवण वाढवा." आणि खरंच निघालं तसं.

पण तिची खरी हुकमत होती कूलरवर. आमच्या घरातला कूलर म्हणजे जुना लोखंडी पत्र्याचा, बैलाएवढा. त्याला दर उन्हाळ्यात नवी खस म्हणजे वाळा, पंपाला तेल, टाकीला आतून रंग, हे सगळं ती स्वतः करायची. माझा मुलगा अच्युत रेल्वेत गार्ड. तो कधी इटारसीला, कधी कटनीला. कूलर बिघडला की तो फोनवरून सांगायचा, "मिस्त्रीला बोलाव." आणि ही इकडे तोंडात पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, धरून टाकीत वाकलेली असायची.

ती नवी नवरी होऊन आली तेव्हा कूलरचा एक धडा मात्र मी तिला दिला होता, आणि तो धडा माझ्या गुरुजींचा. चैत्रात आमचे गुरुजी शाळेच्या भुईवर पाणी शिंपायचे, समोरचं दार उघडायचे आणि मागची खिडकी हातभर उघडी ठेवायचे. म्हणायचे, "हवा पाहुणी आहे रे पोरांनो. तिला यायला दार ठेवा अन् जायला खिडकी. जायची वाट नसली तर पाहुणी दारातूनच परत फिरते." कूलरला हा नियम तंतोतंत लागू. समोरून कूलर, मागून खिडकी हातभर उघडी. खिडकी लावली की खोलीचा हमाम झालाच म्हणून समजा. अंजनीनं हा धडा असा गिरवला की आमच्या मागच्या खोलीची बोळाकडची खिडकी या वर्षापर्यंत उन्हाळ्यात कधी पूर्ण लागलेली मी तरी पाहिली नाही. हे ध्यानात ठेवा. पुढे याच खिडकीनं आम्हाला घाम फोडला.

आता मुद्द्यावर येतो. आमची नात अवंतिका पुण्याला दिली आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिला दिवस गेल्याची बातमी आली आणि अंजनीचं मशीन थांबलं. हिशेब सरळ होता. बाळंतपण येणार मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात. नवतपा म्हणजे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्याकडे कावळासुद्धा झाडावरून उतरत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण अंजनीच्या मनात रीतीपेक्षा जास्त काहीतरी होतं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. अवंतिका झाली तेव्हा अंजनीला जायला माहेरच नव्हतं. वडील फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये एकटे, हातानं पोळ्या भाजणारे. सगळं बाळंतपण आमच्या सरोजिनीनं, म्हणजे माझ्या मंडळीनं, या मागच्या खोलीत केलं. वीज गेली की कूलर बंद, तेव्हा वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून मारून बिचारीचे हात सुरकुतले होते. सरोजिनी आता नाही. तिचं नाव निघालं की अंजनी पदरानं डोळे टिपते. पण एकदा बटण लावता लावता ती मला म्हणाली होती, "बाबा, आईंनी माझं काहीच कमी केलं नाही. पण सासर ते सासर. पाय पसरून 'मला भूक लागली' असं मी ओरडले नाही एकदाही. अवंतिकेनं ओरडलं पाहिजे."

तिला जगात एवढंच पाहिजे होतं. पोरीनं माहेरी येऊन पाय पसरून ओरडावं.

आणि मार्चमध्ये पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. विनताबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. अंजनीनं फोन स्पीकरवर ठेवला होता, हातात कात्री होती म्हणून.

"अंजनीताई, रीत मलाही कळते हो. पण तिचं बीपी जरा वर असतं. डॉक्टरांनी सांगितलंय, उष्म्यात ठेवायचं नाही. आणि तुमच्याकडचं ऊन मी ऐकून आहे."

"आमच्याकडे कूलर आहे. चांगला गार—"

"कूलरनं खोली दमट होते. माफ करा, पण स्पष्ट बोलते. एप्रिलमध्ये मी स्वतः तिला घेऊन येते. खोली बघते. मनाला पटलं तर तिला ठेवून जाते, नाही तर दोघी परत येऊ. परतीची दोन तिकिटं काढलीयेत."

अंजनी म्हणाली, "या ना. वाट पाहतो." फोन ठेवला. हातातलं कापड पूर्ण कापून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मी एसी लावून राहिली."

मी म्हटलं, "काहून? अच्युतला तर विचार."

"त्यांना कळवीन ना. गाडी कटनीहून निघाली की."

अच्युतला कळलं तेव्हा एसी बड्या फुहाऱ्याच्या दुकानातून निघालासुद्धा होता. आमच्या गल्लीत मोठी गाडी येत नाही, म्हणून तोंडाशी उतरवून दोन माणसांनी खोका डोक्यावरून आणला. पुढे खोका, मागे अंजनी, तिच्यामागे गल्लीतली सगळी लेकरं. वरात म्हणा हवं तर. मी दारात उभा राहून नारळ फोडला. अंजनी म्हणाली, "बाबा, हे लग्न नाही." मी म्हटलं, "माझ्या लग्नात एवढी माणसं नव्हती."

दुसऱ्या दिवशी तो लावायला अनुपम आला. विजय नगरकडचा पोरगा, बोलायला गोड. त्यानं खोली पाहिली, भिंत ठोकली आणि तोंड वाकडं केलं. "दादाजी, ये दीवार है कि किला?" भिंत जुनी, दगडचुन्याची, हातभर रुंद. अंगणाच्या बाजूनं नळ्या बाहेर काढायच्या होत्या. त्यानं ड्रिल लावलं, घरभर धूळ झाली, अंजनीनं धावत जाऊन बोळाकडची खिडकी लावली, नाही तर बोळात वाळत घातलेले शेजाऱ्यांचे कपडे पांढरे झाले असते. ड्रिल अर्ध्यात जाऊन थांबलं. पातं संपलं, भिंत उरली.

"अब उधर से छेद करना पड़ेगा," अनुपम म्हणाला. "पर दोनों मिलेंगे कि नहीं, भगवान जाने।"

"भगवान को काहे को तकलीफ देना," अंजनी म्हणाली आणि गळ्यातला टेप काढला. आतून दाराच्या चौकटीपासून मापलं, वरच्या तुळईपासून मापलं, मग अंगणात जाऊन त्याच चौकटीपासून, त्याच तुळईच्या बाहेर आलेल्या टोकापासून मापलं, आणि शिवणाच्या खडूनं भिंतीवर फुली मारली. अनुपमनं त्या फुलीवर ड्रिल लावलं. थोड्या वेळानं आतल्या भोकातून उजेड आला. मी डोळा लावला तर पलीकडे अनुपमचा डोळा! बाही खांद्यात बसावी तसं बसलं होतं.

"दीदी, आपका टेप है कि लेज़र?" तो ओरडला.

"ब्लाउजचा टेप आहे, भैया. एक सूत इकडचं तिकडे झालं तर बाई परत आणून देते."

मग बाहेरचा डबा. तो गच्चीच्या कठड्यालगत बसवायचा ठरलं. अनुपमनं ब्रॅकेट ठोकायला घेतलं तोच शेजारच्या गच्चीवर प्रतिमा दीदी उगवल्या. बाई मनानं चांगली, पण आवाज असा की गल्लीला लाउडस्पीकर लागत नाही. त्यांच्या गच्चीवर मूगडाळीच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातलेल्या.

"अंजनी! ये क्या लगवा रही हो? सारी गरम हवा हमारी तरफ फेंकोगी?"

"दीदी, अवंतिका आ रही है डिलिवरी को."

"तो हमको भून दोगी उसके लिए?"

अंजनी कठड्याला टेकली. "दीदी, तुम्हारी बड़ी तीन दिन में सूखती है कि चार में?"

"चार।"

"गरम हवा मिली तो?"

प्रतिमा दीदींनी बड्यांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "थोड़ा और इधर घुमा दो, भैया," असं अनुपमला सांगून खाली गेल्या.

संध्याकाळी अच्युत ड्यूटीवरून आला तेव्हा नळ्या जोडून झाल्या होत्या, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून झाली होती, आणि अंगणाकडच्या खिडकीत जिथे इतकी वर्षं कूलर बसायचा तिथे प्लाय ठोकून झाली होती. कूलरला ओढत पुढच्या खोलीत नेलं. अनुपमनं बटण दाबलं. आम्ही सगळे मान वर करून उभे. आधी नुसता वारा. मग थंड. मग असा थंड की अंजनीनं दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला. अच्युत टोपी काढून उभा राहिला, जणू राष्ट्रगीत चालू आहे.

मी विचारलं, "याच्यात पाणी कुठून भरायचं?"

"भरना नहीं है दादाजी, ये खुद पानी देगा." आणि अंगणात नेऊन दाखवलं. पांढऱ्या नळीतून थेंब पडत होते. आता बघा! जन्मभर कूलरला बादल्या वाहिल्या, आणि हा पठ्ठ्या आपल्यालाच पाणी देतो. मी लगेच तुळस उचलून नळीखाली ठेवली.

जाताना अनुपमनं बजावलं, "दरवाज़ा बंद रखना, दीदी." अंजनीनं दार लावलं. नुसतं लावलं नाही, खालच्या फटीत जुन्या अस्तराची गुंडाळी करून कोंबली. तिचं काम असं.

आणि दुसऱ्या दिवशी खोली गार होईना.

सकाळपासून एसी चालू. दार बंद. फटीत अस्तर. आणि आत बसलं की नुसतं कोमट. दुपारी तर घाम. अंजनी दहा वेळा हात वर करून बघायची, हवा तर थंड येते, मग जाते कुठे? अनुपमला फोन केला. तो आला, शिडी लावायला जागा पाहिजे होती. आमच्या जुन्या खिडक्यांची तावदानं आत उघडतात, ती शिडीला आडवी येत होती, म्हणून अंजनीनं ती लावून घेतली. अनुपमनं वर चढून तपासलं, गॅस पाहिला, गच्चीवर जाऊन आला. तेवढ्यात खोली बर्फ.

"दीदी, मशीन एकदम टनाटन है. आपका वहम है।"

तो गेला. अंजनीनं खोली आवरली, शिडीच्या खुणा पुसल्या, बाळंतिणीच्या खोलीत हवा कोंडायला नको म्हणून सवयीनं खिडकी परत हातभर उघडली, आणि त्यावर आपला नवा शिवलेला जाड पडदा ओढून घेतला. संध्याकाळी खोली पुन्हा कोमट.

तुम्हाला आता वाटत असेल, एवढी माणसं घरात आणि कोणाला कळलं नाही? नाही कळलं. हातभर उघडी खिडकी ही आमच्या लेखी उघडी खिडकी नव्हतीच. ती भिंतीसारखी तिथे होती. उलट मी गुरुजींचा धडा पुन्हा ऐकवला, की बघ बरं, हवेला जायची वाट आहे ना? अंजनी म्हणाली, "आहे बाबा, बोळाकडची." मी म्हटलं, "मग बरोबर आहे."

असे दिवस जाता जाता विहीणबाई यायचा दिवस उजाडला. अच्युत त्यांना घ्यायला स्टेशनवर गेला. अंजनीनं पहाटेपासून एसी लावून ठेवला होता. खोलीत नवी गादी, नवी चादर, पाळण्याला पिवळं फडकं, कोनाड्यात डिंकाच्या लाडवांचा डबा. फक्त गारवा नव्हता. दहाच्या सुमाराला अच्युतचा फोन आला, "गाडी अलीकडच्या मदनमहाल स्टेशनला लागली. येतो आम्ही."

अंजनी खोलीच्या मध्ये उभी होती. कपाळावर घाम. मी दारातून पाहिलं. तिनं एसीकडे पाहिलं, मग गादीवर बसली. एवढ्या वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं, हात मांडीवर मोकळे, सुई नाही, कात्री नाही.

"जाऊ द्या, बाबा," ती म्हणाली. "त्या बरोबर आहेत. पोरीच्या जिवाशी खेळ नको. येतील, जेवतील, दोघी परत जातील. मी डबा बांधून देईन लाडवांचा."

 आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ गोष्ट नव्हती.

आणि तेवढ्यात बोळातून प्रतिमा दीदींचा आवाज आला. "अरे वाह, अंजनी! मज़ा आ गया!"

अंजनी ताडकन उठली. तिला वाटलं, बाई टोमणा मारते. मागच्या दारानं बोळात गेली, मी मागे. बघतो तर आमच्या खिडकीखाली प्रतिमा दीदी बाजेवर ऐसपैस, मांडीवर सुपात गहू, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडतोय. पायाशी बोळातला कुत्रा, चारी पाय वर करून झोपलेला. शेजारच्या दोन बाया पाटावर.

"ये सब क्या है, दीदी?"

"क्या है मतलब? रोज़ तो बैठ रहे हैं. तुम्हारी खिड़की से क्या हवा आती है, बाप रे! ऊपर से गरम देती हो, नीचे से ठंडी देती हो. बड़ी भी सूख गई, हम भी सुखी. भगवान तुम्हारा भला करे।"

अंजनीनं खिडकीच्या खालच्या कठड्यावर हात ठेवला. दगड माठासारखा गार. वर पडदा पाहिला. तिचा शिवलेला जाड पडदा आत राहायचा सोडून बाहेर फुगला होता, बोळात लोंबत होता.

ती माझ्याकडे वळली. "बाबा."

"हं."

"पाहुणी जाऊन राहिली ना खिडकीतून!"

"मग जाणारच. तिला जायची वाट—" म्हणता म्हणता माझी जीभ थांबली. त्यावर अंजनी जी हसली, ती बोळातच खाली बसली. प्रतिमा दीदी घाबरल्या. "क्या हुआ? लू लग गई क्या?"

अंजनी उठली, पदर खोचला, पळत आत गेली आणि खिडकीची दोन्ही तावदानं अशी लावली की चुना पडला. बाहेरून प्रतिमा दीदी ओरडल्या, "अरे! बंद काहे कर दी?" आतून ही, "अब अंदर आके बैठना, दीदी! आज नहीं!" फटीला अस्तर कोंबलं. रिमोट घेतला. मग मला म्हणाली, "बाबा, अर्धा तास पाहिजे. खोली गार होईस्तोवर विहीणबाईंना पुढे थांबवा."

"कसं थांबवू?"

"गोष्ट सांगा."

"कोणती?"

"सगळ्यात लांब असेल ती."

मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या अंगात वीस वर्षांचा गडी शिरला. जन्मभर या घरात मला "बाबा, आवरतं घ्या" एवढंच ऐकायला मिळालं. आज सरकारी हुकूम मिळाला होता.

ऑटो दारात थांबला. अवंतिका उतरली, गाल लाल झालेले, पण हसत. "आबा!" मागून विनताबाई, हातात पर्स, चष्मा, रुमालानं मान पुसत. अंजनीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. एरवी हे सगळं ती चटकन उरकते. त्या दिवशी असं सावकाश केलं की जणू कशिदा काढते आहे. अवंतिकेला कूलरसमोर बसवून सरबत दिलं. आणि स्वतः आत गेली, दार लावून.

विनताबाई बसल्या नाहीत. "खोली कुठली? आधी खोली बघते."

"बघा ना, बघा," मी म्हटलं. "पण विहीणबाई, आमच्या गावात एक विहीण आली होती, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही, पण—"

"बसा. उभ्यानं सांगण्यासारखी नाही."

त्या बसल्या. मी सुरू केलं. आमच्या गावच्या गणूच्या घरी विहीण आली तेव्हा गणूची म्हैस विहिरीत पडली. आता ती कशी पडली हे सांगायचं तर विहीर कोणी खोदली इथून सुरुवात पाहिजे. मी विहिरीपासून सुरुवात केली. दगड कुठून आणले ते सांगितलं. मग गुरुजींनी शाळा सोडून सगळ्या पोरांना दोर ओढायला कसं लावलं. दोर कोणत्या अंबाडीचा. दोर तुटला. दुसरा आणायला माणूस गेला, त्याला वाटेत मामा भेटला. अच्युत दारात बॅगा धरून उभा, तोंड उघडं. अवंतिका पदरात तोंड घालून हसत होती, तिला मागचं काही माहीत नव्हतं, तरी आजोबा सुटला एवढं कळलं होतं. विनताबाई एकदा घड्याळाकडे, एकदा आतल्या दाराकडे पाहायच्या. दोनदा उठल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं, "आणि आता खरी गंमत," आणि त्या बसल्या. कारण खरं सांगू? म्हशीचं काय झालं हे त्यांनाही ऐकायचं होतं.

म्हैस काठापर्यंत आली होती, तेवढ्यात आतलं दार उघडलं. अंजनी उभी. खांद्यावर शाल.

"या, विहीणबाई. खोली बघून घ्या."

विनताबाई आत गेल्या. मागून आम्ही. दार ओलांडताच त्यांच्या दंडावर काटा आला, मी पाहिला. त्या मध्ये उभ्या राहिल्या. भिंतीला हात लावला. गादी दाबून पाहिली. अवंतिका सरळ पलंगावर गेली आणि पाय पसरून आडवी झाली.

"आई," ती डोळे मिटून ओरडली, "भूक लागलीय!"

अंजनी वळली. पदर तोंडाला लावला आणि सैपाकघरात गेली.

जेवणं झाली. विनताबाई म्हणाल्या, "जरा पाठ टेकते, प्रवासात झोप नाही." अवंतिकेशेजारी आडव्या झाल्या, पाच मिनिटांत घोरायला लागल्या. अंजनीनं आमच्या सरोजिनीच्या हातची गोधडी काढली आणि त्यांच्या अंगावर घातली. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि पुण्याची विहीण आमच्या घरी गोधडीत! मी अच्युतला बोलावून दाखवलं. त्यानं फोनवर फोटो काढला, अंजनीनं रागावून पुसायला लावला.

चार वाजता त्या उठून बाहेर आल्या. केस विस्कटलेले, चेहरा ताजा. चहाचा कप घेतला आणि म्हणाल्या, "अच्युतराव, त्या दोन तिकिटांतलं एक रद्द करून टाका."

 सैपाकघरात एक भांडं पडलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि आजोबा, ती म्हैस निघाली की नाही?"

नवतपा बसला आणि तिसऱ्याच दिवशी आम्हाला पणती झाली. गोरीपान, जावळ भरपूर, आवाज प्रतिमा दीदींच्या तोडीचा. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मागच्या खोलीत सगळं तयार. आता अंजनीचा नवा नियम ऐका. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालून ओव्याची, बाळंतशेपेची धुरी द्यायची तर एसी बंद आणि बोळाकडची खिडकी सताड उघडी, म्हणजे धूर निघून जाईल, आणि त्याच्यामागून उरलासुरला गारवा बोळातल्या बायांना. धुरी झाली की खिडकी बंद आणि एसी चालू. मी तर आता म्हणतो, गुरुजी धुराबद्दलच बोलत होते. आम्हीच हवेवर नेलं.

ब्लाउजच्या कापडाचे उरलेले तुकडे आणि आत मऊ फलालीन, अशी एक कुंची अंजनीनं शिवली. लाल, निळी, पिवळी, काठाला जरीची किनार, मागे गोंडा. गल्लीतल्या अर्ध्या बायांना त्यात आपापल्या ब्लाउजचा तुकडा ओळखू आला. ती घालून, कान झाकून, पोर दुपट्यात झोपलं होतं तेव्हा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

विनताबाईंनी पोरीला पाहिलं आणि चष्मा वर केला. "अहो अंजनीताई, कुंची? मे महिन्यात? जबलपुरातच आहात ना?"

"हो ना," अंजनी म्हणाली. "बाळाला सर्दी नको व्हायला."

असं म्हणताना तिनं माझ्याकडे जे पाहिलं ना, ते पाहायला तुम्ही पाहिजे होते.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. बोळातून प्रतिमा दीदी. "अंजनी! आज धूनी नहीं दोगी क्या? कब से बैठे हैं, खिड़की खोलो!"

"धूनी हो गई दीदी," अंजनी आतून म्हणाली. "सामने से आ जाओ. और सुनो, शॉल लेके आना!"